पैठणीच्या कामासाठी मीडियम फॉरमॅट घ्यावा का?

जरीकाठ | 12 जानेवारी, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, गंगापूर रोडला राहतो. अकरा वर्षं फोटोग्राफी हाच धंदा. सुरुवात लग्नांपासून झाली, आता निम्म्याहून जास्त काम येवल्याच्या पैठणीवाल्यांचं आहे. कॅटलॉग, वेबसाईट, दुकानात लावायचे मोठे पॅनल. माझ्याकडे 24 मेगापिक्सेलची फुल फ्रेम (36 × 24 मिलीमीटर सेन्सरची) बॉडी, 85 मिलीमीटरची लेन्स, अगदी जवळून काढायची 100 ची मॅक्रो आणि दोन स्टुडिओ फ्लॅश आहेत.

अडचण अशी. गेल्या महिन्यात एका विणकर कुटुंबाने सांगितलं की अख्खा पदर एका फोटोत हवा आणि तो दुकानात सहा फूट रुंद लावायचा आहे. येणारं गिऱ्हाईक जवळ जाऊन, बोट लावून बघणार. मी फोटो काढला. लांबून झकास दिसत होता. झूम केला तर मोराच्या पिसाऱ्यावर जांभळ्या-हिरव्या लाटा, ज्या साडीत कुठेच नाहीत. त्यांच्या आजी शेजारी बसल्या होत्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "हे कापडावर पाणी कुठून आलं रे?" तो प्रश्न घेऊनच मी घरी आलो. सहा-सहा महिने माग चालवून विणलेली वस्तू, आणि तिच्यावर माझ्या कॅमेऱ्याने डाग पाडले.

100 मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, आणि 120 ची मॅक्रो मिळून साधारण सात लाखांचं कोटेशन आलंय. कर्ज काढावं लागेल. घरात दोन मुलं शिकतायत. ज्यांनी हे कॅमेरे वापरलेत किंवा घ्यायचा विचार करून सोडलाय, त्यांनी मनापासून सांगा.

लग्नसराई | 12 जानेवारी, रात्री 11:20

दादा, पैठणीचं मला कळत नाही, पण लग्नासाठीही तोच वापरू असा विचार असेल तर तो आताच काढून टाका. मी वर्षाला पस्तीस-चाळीस लग्नं करतो, ओझरपासून सिन्नरपर्यंत. आपला अल्बम 12 × 36 चा. त्यातलं एक पान भरून फोटो लावला तरी तो 12 × 18 इंच. 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 5400 × 3600 पिक्सेल झाले, म्हणजे 19.4 मेगापिक्सेल. तुमच्या 24 मध्ये तो बसून वर उरतो. बाकीचे फोटो तर मोबाईलवरच बघितले जातात.

फाईलचा आकार बघा. 100 मेगापिक्सेलची 16 बिट रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ फाईल, कॉम्प्रेस न करता, दोनशे एमबीच्या आसपास जाते. हळद, साखरपुडा, लग्न, रिसेप्शन धरून तीन हजार क्लिक म्हणजे 600 जीबी, आणि बॅकअप धरला की दुप्पट. एका लग्नाचे! माझा 16 जीबी रॅमचा लॅपटॉप त्यातल्या पन्नास फाईल उघडतानाच बसेल.

आणखी एक. फुजीफिल्मच्या मीडियम फॉरमॅटच्या जीएफएक्स मालिकेत शटर बॉडीत आहे आणि फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटरचा वेग, 1/125 ला थांबतो. दुपारी द्राक्षबागेत प्री-वेडिंग करताना उन्हाला दाबायला 1/125 पुरत नाही. त्याहून जलद शटरसाठी हाय स्पीड सिंक लावला की फ्लॅशची ताकद पडते. हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत शटर लेन्समध्ये असतं, तिथे बऱ्याच लेन्सवर 1/2000 पर्यंत सिंक मिळतो. तो फायदा मोठा आहे. पण त्याची किंमत आपल्या भागातल्या लग्नाच्या पॅकेजमधून कधीच वसूल होणार नाही.

चापडगाव_मचाण | 13 जानेवारी, सकाळी 7:05

पक्ष्यांसाठी कुणी विचारत असेल तर एका ओळीत सांगतो. जीएफएक्सची सगळ्यात लांब लेन्स 500 ची आहे आणि ती फुल फ्रेमच्या हिशेबात 395 च पडते. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या मचाणावरून तेवढ्यात रोहित पक्षी म्हणजे ठिपका. ते पैसे लेन्समध्ये घाला.

कॉलेजरोडचा_पोऱ्या | 13 जानेवारी, सकाळी 9:40

मी अजून शिकतोय, पण मला वाटतं घ्या दादा. मीडियम फॉरमॅटचा लुकच वेगळा असतो, मागची पार्श्वभूमी विरघळते, त्वचा जिवंत दिसते. आणि आपण त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या गावचे. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडन गाठलं होतं. मोठं काम करायचं तर धोका पत्करावाच लागतो ना?

जुना_स्टुडिओ | 13 जानेवारी, दुपारी 2:15

बाळा, फाळक्यांचं उदाहरण दिलंस ते चांगलं केलंस, पण पुढचंही वाच. लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच मोठा बोलपट हाती घेतला नाही. बोलपट म्हणतोय, मूकपट म्हणायचं होतं. आधी कुंडीतलं वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित करून दाखवलं, ते बघून लोकांचा विश्वास बसला आणि पुढचे पैसे उभे राहिले. आधी रोप, मग भांडवल. जरीकाठ यांनीही आधी रोप उगवून बघावं, म्हणजे कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणून त्याच पदराचा फोटो काढावा.

आता लुकबद्दल. मी नाशिकरोडला 1978 पासून स्टुडिओ चालवला, आता मुलगा बघतो. आम्ही यशिका मॅट 124 जी वर काम केलं. 120 नंबरचा फिल्मचा रोल, 6 × 6 सेंटीमीटरच्या बारा फ्रेम. लोक विचारतात की तेव्हा स्टुडिओवाले मोठा फॉरमॅट का वापरायचे. लुकसाठी नव्हे रे. निगेटिव्हवर पेन्सिल चालवता यावी म्हणून! उजेडाच्या पेटीवर निगेटिव्ह ठेवायची, तिच्यावर रिटचिंगचं औषध लावायचं, म्हणजे शिसं धरतं. मग सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल घेऊन मुलीच्या डोळ्याखालचं काळं, गालावरचा देवीचा व्रण भरायचा. 35 एमएमच्या निगेटिव्हवर अख्खा चेहरा पेन्सिलच्या टोकाखाली झाकला जायचा. 6 × 6 वर हाताला जागा मिळायची. लग्न ठरवायला जाणारा फोटो असायचा तो, त्यावर एका घराची आशा असायची.

आणि मीडियम फॉरमॅट श्रीमंतांचाच होता असंही नाही. आग्फा क्लिक थ्री आठवतो का कुणाला? बडोद्याला बनायचा. त्यातही 120 चाच रोल, 6 × 6 चीच निगेटिव्ह. तुमच्या आजीच्या अल्बममध्ये जे लहान चौकोनी काळे-पांढरे फोटो काळ्या कागदावर कोपरे लावून बसवलेत, त्यातले कितीतरी त्या डब्याने काढलेले आणि निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून छापलेले. एन्लार्जर नाही, काही नाही.

आताच्या 44 × 33 च्या सेन्सरला मीडियम फॉरमॅट म्हणतात, म्हणोत. पण 6 × 6 ची फ्रेम खरी 56 × 56 मिलीमीटरची. 43.8 × 32.9 चा सेन्सर क्षेत्रफळात तिच्या निम्माही भरत नाही. तेव्हा जुन्या फोटोंचा लुक त्यात शोधू नये.

अंबड_लिंकरोड | 13 जानेवारी, रात्री 9:30

काकांच्या हिशेबात माझी भर. मी एमआयडीसीत मशीनच्या सुट्या भागांचे कॅटलॉग करतो.

पार्श्वभूमी विरघळण्याचं आधी सांगतो. जीएफएक्सची 110 एफ/2 ही पोर्ट्रेटची लाडकी लेन्स. फुल फ्रेमशी तुलनेसाठी 0.79 ने गुणलं की फुल फ्रेमवरची 87 एफ/1.6 झाली. फुल फ्रेमवर 85 एफ/1.4 जागोजाग मिळते आणि ती थोडं जास्तच विरघळवते. माझ्या कामात तर उलट अडचण होते. बेअरिंगची पुढची कड आणि मागची कड दोन्ही स्पष्ट हव्यात, आणि मोठ्या सेन्सरवर तेवढी खोली मिळवायला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, आणखी बंद करावं लागतं.

आता पिक्सेल. 102 मेगापिक्सेलच्या जीएफएक्सचा एक पिक्सेल 3.76 मायक्रॉनचा. 61 मेगापिक्सेलच्या सोनी ए7आर फोरचाही 3.76 मायक्रॉनचाच. वीट तीच, प्लॉट मोठा. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ 864 चौरस मिलीमीटर, याचं 1441, म्हणजे 1.67 पट. उजेडाच्या भाषेत जेमतेम पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). फरक आहे, नाही असं नाही. पण किंमत बघून जेवढा वाटतो तेवढा नाही.

जरीकाठ, तुमच्या लाटांचं कारण हेच. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर धरून हळूच हलवा, तिसरीच नक्षी दिसते. सेन्सरची जाळी आणि कापडाची वीण एकमेकींवर पडली की तेच होतं. साडीची रुंदी 45 इंच धरली आणि ती तुमच्या 6000 पिक्सेलमध्ये बसवली तर इंचाला 133 पिक्सेल. एका धाग्याला कमीत कमी दोन पिक्सेल हवेत, म्हणजे इंचाला 66 धाग्यांच्या वर गेलात की कॅमेरा नसलेली नक्षी बनवू लागतो. 61 मेगापिक्सेलवर ही हद्द 105 धाग्यांपर्यंत जाते, 102 वर 129 पर्यंत. तुमच्या साडीत इंचाला किती धागे आहेत ते भिंग लावून मोजा. खरं उत्तर तिथे आहे.

जरीकाठ | 14 जानेवारी, दुपारी 1:10

संक्रांतीच्या सगळ्यांना शुभेच्छा, तिळगूळ घ्या.

अंबडभाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून सकाळीच आईची पैठणी कपाटातून काढली आणि धागे मोजायचं भिंग लावलं. सत्तरच्या पुढे गेलो आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून थांबलो. म्हणजे 24 मध्ये ते कधी बसणारच नव्हतं. अकरा वर्षांत हे मला कुणी असं समजावलं नव्हतं.

त्रिरश्मी | 14 जानेवारी, सायंकाळी 6:45

मी शिलालेखांचे फोटो काढते, अभ्यासासाठी. पांडवलेण्यांतलं तिसरं लेणं, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख असलेलं, माझ्या आयुष्याचा मोठा भाग झालंय. अक्षराची एखादी वेलांटी खडकातली चीर आहे की छिन्नीचा घाव, हे ठरवायला जेवढा तपशील मिळेल तेवढा कमीच. तरी माझ्याकडे जुना 24 मेगापिक्सेलचाच कॅमेरा आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे बहुतेकदा हातातच धरून काढते. एका ओळीचे सहा-सात उभे फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग यायला हवा, आणि घरी येऊन जोडते. जोडलेली फाईल 100 मेगापिक्सेलच्या पुढे सहज जाते.

शिलालेख दोन हजार वर्षं हललेला नाही, सातव्या फोटोपर्यंतही हलत नाही. जे स्थिर आहे त्यासाठी सात लाख घालू नका. पैठणी सपाट ताणून चार तुकड्यांत काढा आणि जोडा. कॅमेरा दर वेळी साडीला समांतर सरकवा, जागेवर फिरवू नका, नाहीतर काठ वाकडे होतात. आणि आधी एकदा कलर चेकर, म्हणजे ठरलेल्या रंगांच्या चौकोनांचं कार्ड, ठेवून काढा. रंगाचा प्रश्न पिक्सेलने सुटत नाही.

हिशोबवही | 14 जानेवारी, रात्री 10:05

मी सीए आहे, फोटोग्राफी हौस म्हणून. आकडे मांडतो. सात लाखांचं कर्ज, 12 टक्क्यांनी, तीन वर्षं धरलं तर हप्ता महिन्याला सुमारे 23,250 रुपये बसतो. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर या सात लाखांतला 18 टक्क्यांचा भाग, एक लाख सहा हजारांहून थोडा जास्त, तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळू शकतो. नोंदणी नसेल तर तो पूर्ण तुमच्या अंगावर. घसारा कॅमेऱ्यावर 15 टक्क्यांनी मिळतो, संगणकासारखा 40 टक्क्यांनी नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि बाजारभावाचा विचार करा. 102 मेगापिक्सेलचा पहिला जीएफएक्स 100 हा 2019 मध्ये 9,999 डॉलरला आला. 2021 मध्ये 100 एस आला, 5,999 ला. 2024 मध्ये 100 एस टू, 4,999 ला. मेगापिक्सेल तेवढेच, पाच वर्षांत किंमत निम्मी. 2019 मध्ये ज्याने कर्ज काढून घेतला त्याचे हप्ते फिटायच्या आधी तेवढ्याच मेगापिक्सेलची बॉडी किती खाली आली ते बघा. घाई करणाऱ्याचं यात नुकसान होतं.

रामकुंड_पहाटे | 15 जानेवारी, पहाटे 5:20

सगळ्यांचं वाचलं. अल्बम, हिशेब, जोडणी, सगळं पटलं. तरी एक गोष्ट सांगतो, जी मला दहा वर्षं छळतेय.

2015 च्या सिंहस्थात शाहीस्नानाच्या दिवशी मी पंचवटीतल्या एका गच्चीवरून गोदाघाटाचा फोटो काढला. 16 मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. सूर्य नुकताच आलेला, पाण्यात माणसंच माणसं, पायऱ्यांवर माणसं, पुलावर माणसं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. पुढे एका छोट्या प्रदर्शनात तो पाच फूट रुंद करून लावला. एक बाई आल्या, जवळच राहणाऱ्या. त्यांचा भाऊ त्या दिवशी स्वयंसेवक म्हणून रामकुंडाच्या पायऱ्यांवर उभा होता, आणि त्यानंतर वर्षभरात गेला. त्यांना त्याची जागा पक्की माहीत होती. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं. जिथे तो असायला हवा होता तिथे भगव्या टोपीचा एक चौकोनी ठिपका होता. तोंड नव्हतं. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, मग "हाच असेल" म्हणून गेल्या.

त्रिरश्मीताई, तुमची जोडणी मी करून पाहिली आहे. गर्दीवर ती चालत नाही. दुसऱ्या फोटोपर्यंत माणूस डुबकी मारून वर आलेला असतो, जोडणीत कुणाला दोन डोकी येतात, कुणी अर्धा गायब होतो. पिक्सेल शिफ्टला, म्हणजे सेन्सर किंचित सरकवत काढलेले अनेक फोटो एकत्र करण्याला, तर सगळंच थांबलेलं लागतं. हजारो चेहरे, प्रत्येक ओळखू येणारा, एकाच क्षणातला, हे एकाच क्लिकमध्ये पकडावं लागतं. आणि तिथे मोठ्या सेन्सरला मला पर्याय दिसत नाही. पहिलं अमृतस्नान, म्हणजे पूर्वीचं शाहीस्नान, ऑगस्ट 2027 मध्ये आहे. बारा वर्षांनी येणारी गोष्ट आहे ही.

जुना_स्टुडिओ | 15 जानेवारी, सकाळी 8:30

हे वाचून चहा तसाच राहिला. तू म्हणतोस ते बरोबर आहे.

अंबड_लिंकरोड | 15 जानेवारी, सकाळी 10:00

रामकुंड यांनी मुद्दा नेमका पकडलाय. वस्तू स्थिर असेल तर कमी पिक्सेलचा कॅमेरा वेळ घेऊन तेच काम करतो. वस्तू हलती आणि फोटो लहान असेल, जसं लग्न, तर पिक्सेल लागतच नाहीत. हलतीही आहे आणि मोठीही करून जवळून बघायची आहे, तिथेच या कॅमेऱ्याचे पैसे वसूल होतात. जरीकाठ, तुमचं काम यातलं कुठलं, ते तुम्ही बघा.

जरीकाठ | 27 जानेवारी, रात्री 11:35

मंडळी, काकांच्या सांगण्याप्रमाणे रोप उगवून बघितलं. मुंबईहून 100 मेगापिक्सेलची मीडियम फॉरमॅट बॉडी, 120 मॅक्रो आणि 61 मेगापिक्सेलची एक फुल फ्रेम, तिन्ही दोन दिवसांसाठी मागवली. भाडं पंधरा हजारांच्या आत बसलं, अनामत वेगळी. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी सविस्तर लिहिलंत.

त्याच घरी गेलो. पुढच्या खोलीत दोन माग, खाली शहाबादी फरशी. आधी 61 वर पिक्सेल शिफ्ट लावून बघितलं, सोळा फोटो एकत्र करणारं. पुन्हा पुन्हा कडांना बारीक जाळी येत होती, मला कारण कळेना. मग लक्ष गेलं. ट्रायपॉडच्या पायाशी प्यायच्या पाण्याचा तांब्या ठेवला होता. शेजारच्या मागावर फणी ठोकली की तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळ उठायचं. ठोका, वर्तुळ, ठोका, वर्तुळ. अख्खी फरशी थरथरत होती आणि कॅमेरा तिच्यावरच उभा होता. ज्या घरात पैठणी विणली जाते त्या घरात पिक्सेल शिफ्ट चालणार नाही, निदान माग चालू असताना तरी. आणि माग थांबवा असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, त्यांचा दिवसाचा रोजगार तो.

मग मीडियम फॉरमॅटवर, फ्लॅश लावून, एकच क्लिक. फ्लॅशचा झपका इतका छोटा असतो की थरथर त्यात दिसतच नाही. फोटो लॅपटॉपवर उघडला, आजींना हाक मारली. मोराच्या पिसाऱ्यावरचं पाणी गेलं होतं. काठाजवळ एका बोटभर जागेत लाटांची पुसटशी खूण राहिली, तेवढी लाईटरूम सॉफ्टवेअरमध्ये काढता आली. शंभर टक्क्यांवर झूम केला तेव्हा जरीच्या धाग्यावर गुंडाळलेल्या पट्टीची चमक वेगळी आणि तिच्या खालचं रेशीम वेगळं दिसत होतं. आजी चष्मा वर करून पुढे वाकल्या. हिरव्या पानाच्या कडेला जिथे हिरवं रेशीम संपून सोनेरी सुरू होतं तिथे बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही जोड माझ्या सुनेच्या हातची. माझी अशी नसते." आतून सून बाहेर आली, बघितलं, आणि लाजून परत आत गेली.

दुपारी जेवायला माग थांबले तेव्हा त्रिरश्मीताईंची पद्धत केली. माझाच 24 चा कॅमेरा, पदर फळीवर ताणलेला, चार तुकडे, कॅमेरा समांतर सरकवत. घरी येऊन जोडलं. मीडियम फॉरमॅटच्या फोटोशेजारी ठेवलं. खरं सांगतो, काही ठिकाणी जोडलेला फोटोच सरस आहे. त्या कुटुंबाला दोन्ही सहा फुटी नमुन्याच्या पट्ट्या छापून दाखवल्या, न सांगता. त्यांना निवडता आलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक मागितलं. सून मागावर बसलेली, हात चालू, अर्धा विणलेला पदर समोर, आणि तोही फोटो भिंतीएवढा. तो 24 वर तुकड्यांत निघाला नाही, हात प्रत्येक तुकड्यात वेगळ्या जागी. मीडियम फॉरमॅटवर निघाला. तिच्या अंगठ्याच्या बाजूला रेशीम ओढून ओढून पडलेली बारीक रेघ आहे, ती सहा फुटांवर छापली तरी दिसते. हा फोटो मला दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्याने मिळाला नसता.

निर्णय असा. कॅमेरा घेत नाही. कॅटलॉगचे पदर जोडणीने करणार, त्यासाठी कॅमेरा सरळ रेषेत सरकवणारी रेल घेतली, काही हजारांत झालं. 61 ची सेकंडहँड बॉडी उन्हाळ्यानंतर बघेन. मागावरचे हलते फोटो वर्षातून तीन-चारदा लागतील, तेव्हा भाड्याने आणणार आणि भाडं कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून लिहिणार. पहिल्या कुटुंबाने ती ओळ बघून काही न बोलता होकार दिला.

एक सावधगिरी. भाड्याच्या बॉडीच्या सेन्सरवर दोन डाग होते, मला पहिल्या दिवशी संध्याकाळी दिसले. ज्यांच्याकडून आणला त्यांनी ते आधी सांगितले नव्हते आणि अनामत परत करताना उलट मलाच विचारलं. सुदैवाने पहिल्याच फोटोत ते डाग होते, वेळेसकट. कॅमेरा हातात आला की आधी पांढऱ्या भिंतीचा एफ/16 ला फोटो काढून ठेवा.

हिशोबवही | 28 जानेवारी, सकाळी 9:15

वर्षातून चार वेळा म्हटलं तरी भाडं साठ हजारांच्या आत, आणि तेही गिऱ्हाईकाच्या बिलात. हप्ते वर्षाला दोन लाख एकोणऐंशी हजार झाले असते. चांगला निर्णय घेतलात. भाड्याच्या बिलावर जीएसटी लागला असेल तर ते बिल जपून ठेवा.

कॉलेजरोडचा_पोऱ्या | 28 जानेवारी, दुपारी 12:40

दादा, मी लुक लुक म्हणत होतो, पण आजींनी जोड ओळखली ते वाचून मला पहिल्यांदा कळलं की तपशील कशासाठी हवा असतो. पुढच्या वेळी येवल्याला जाल तेव्हा मी ट्रायपॉड धरायला येऊ का? पैसे नकोत.

जरीकाठ | 28 जानेवारी, दुपारी 1:05

नक्की ये. सकाळी साडेसहाला निघतो, द्वारका चौकात उभा राहा. आणि पैसे घ्यायचे, काम केलं की.

रामकुंड_पहाटे | 28 जानेवारी, रात्री 8:50

जरीकाठ, तुमचा अनुभव वाचून माझाही विचार बदलला. मीही विकत घेणार होतो, तुम्ही कर्जाचं लिहिलंत त्याच्या आदल्याच आठवड्यात मी बँकेत जाऊन आलो होतो. आता वाटतं, अमृतस्नानाच्या वेळी आपण दोघं मिळून एक बॉडी आणि दोन लेन्स भाड्याने घेऊ. त्या दिवसांत मुंबईतही सगळं आधीच बुक होईल, म्हणून वर्षभर आधी सांगून ठेवू. ऑगस्ट म्हणजे पाऊस, तेव्हा कॅमेऱ्याचं आणि लेन्सचं कव्हर मी छत्रीच्या कापडाचं शिवून घेतो. 2015 च्या त्याच गच्चीचे मालक आता थकलेत, पण त्यांच्या मुलाशी बोललो, त्याने हो म्हटलंय. त्या बाईंचा पत्ताही त्यांच्याकडूनच मिळाला. त्यांना सांगून ठेवणार आहे की या वेळी कुणी त्यांच्या घरचं घाटावर असेल तर कुठल्या पायरीवर उभं राहणार ते आधी कळवा.

जरीकाठ | 28 जानेवारी, रात्री 9:10

माझा होकार. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला गच्चीवर भेटू. माझा 24 चा आणतो, कुठल्या लेन्सला घाट किती बसतो ते मोजून ठेवू, म्हणजे भाड्याची लेन्स नेमकी कुठली मागवायची ते कळेल. ट्रायपॉडला दोरीने बांधायला वाळूची पिशवी माझ्याकडे आहे.

त्रिरश्मी | 28 जानेवारी, रात्री 9:25

मी पण येते. पायऱ्यांचा नकाशा माझ्याकडे आहे, मोजमापासकट.